तिसऱ्या रविवारचं नाव

यादी सप्टेंबरातच लागते, चर्चच्या ओसरीतल्या फळ्यावर.
चार रविवार, चार मेणबत्त्या, निळी शाई, अक्षर माझं.
पहिला : आर्मस्ट्राँग नवराबायको.
दुसरा : पोस्टातली हेझल.
तिसरा : मॉड चार्ल्टन.
चौथा : जो कोणी येईल तो.

मॉड ऑक्टोबरात गेली.
आम्हीच पुरलं तिला, यू झाडाच्या ओल्या अंगाला.
खड्ड्यात पाणी झिरपत होतं
आणि ऑर्गन वाजवणारा शिंकांनी बेजार.
फळ्यावरचं नाव मात्र कुणी खोडलं नाही.
खोडायला खिशातून हात काढावा लागतो.
थंडी होती, असं म्हणू.

मग हिरवी वस्त्रं पेटीत गेली, जांभळी निघाली,
कसरीनं एका कडेला चाखलेली.
व्हिकरबाईंकडे पाच गावं, पाच चर्च, एक खोकणारी गाडी.
त्या म्हणाल्या, आगमनकाळ म्हणजे वाट पाहायला शिकणं.
आम्ही माना डोलावल्या.
नॉर्थंबरलंडच्या या टोकाला
वाट पाहणं कुणी शिकवावं लागत नाही :
बॉयलरवाल्याची सव्वा वर्ष,
छपराच्या कागदावर बिशपांच्या कचेरीतल्या सहीची,
मेंढ्यांना भाव येण्याची,
न्यूकॅसलला गेलेल्या पोराच्या फोनची,
जो रविवारी येतो, किंवा पुढच्या रविवारी.

तिसऱ्या रविवारी आम्ही अकरा जण.
हॉलीच्या कड्यात दोन जांभळ्या अर्ध्यावर जळलेल्या,
एक कोरी,
आणि गुलाबीच्या जागी नुसतं भोक.
गुलाबी दरवर्षी मॉड आणायची.
कुठून, ते कुणी विचारलंच नव्हतं.

व्हिकरबाईंनी यादी वाचली. वाचून थांबल्या.
अकरा जणांचा श्वास दिसत होता, वाफ होऊन.
कुणीतरी बाकावरची उशी सारखी केली.
हेझल माझ्याकडे बघत होती, मी छपराकडे,
जिथून थेंब पडतो, बरोबर त्या खांबाकडे.

तेव्हा दार करकरलं.
कथबर्ट डॉड. मॉडचा शेजारी, मेथडिस्ट,
चाळीस वर्षांत या उंबऱ्याच्या आत आला तो फक्त मयतीला.
एका हातात वेदीमागच्या खोलीची किल्ली, तिच्या खुंटीवर सापडलेली,
दुसऱ्या हातात वर्तमानपत्राची सुरळी.
म्हणाला, तुमचं चालू द्या, मी हे ठेवायला आलो.
सुरळीत गुलाबी मेणबत्ती.
ड्रॉवरमध्ये होती म्हणाला, चमच्यांच्या खाली,
हेक्समच्या दुकानाची पावती गुंडाळलेली, ऑगस्टची.

ऑगस्ट!
आम्ही तेव्हा गवत कापत होतो.

पेटवा तुम्हीच, व्हिकरबाई म्हणाल्या.
मी चॅपलचा माणूस, तो म्हणाला.
मागच्या बाकावरून म्हातारा आर्मस्ट्राँग, जो एरवी झोपलेला असतो :
मेणबत्तीला काय कळतंय रे.

बूड जाड निघालं, भोकात जाईना.
कथबर्टनं खिशातला चाकू काढला,
तोच, ज्यानं तो मेंढ्यांचे खूर साफ करतो,
आणि पायरीवर बसून मेण तासू लागला.
गुलाबी कपचे दगडावर पडत राहिले.
कुणी स्तोत्र सुरू केलं नाही.
इतकी शांत उपासना माझ्या आठवणीत दुसरी नाही,
आणि ती प्रार्थना होती का, ते मी सांगू शकत नाही.

काड्या सादळलेल्या. दोन वाया गेल्या.
तिसरीनं धरलं.
जरा कलती उभी राहिली ज्योत,
मॉडसारखीच, डाव्या गुडघ्यावर भार न देता.

नंतर चहा. हेझलची आल्याची बिस्किटं, नेहमीसारखी दगड.
कथबर्टनं दोन खाल्ली, तिसरं खिशात टाकलं, कुत्र्यासाठी म्हणाला,
आणि गेला.
किल्ली मागायची राहिली.

बुधवारी बॉयलरला लाथ घालायला गेलो,
तर ओसरीतला बर्फ कुणीतरी फावड्यानं कडेला ओढलेला,
आणि वेदीमागच्या खोलीत गळतीखाली बादली.
ती आमची नाही.

फळ्यावरचं नाव अजून तसंच आहे.
ओलीनं शाई थोडी पसरलीय,
चौथ्या ओळीपर्यंत.